अळणी आधी, पांढरा रस्सा मग

आखाड तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. लोणची-मुरांबे मागे पडतात आणि मटणाचे प्रश्न सुरू होतात. आमच्या कोल्हापुरात तर आषाढातला मंगळवार-शुक्रवार म्हणजे गल्लोगल्ली धांदल. पंचगंगेला आलेलं नवं पाणी घेऊन ‘पी ढबाक’ वाद्यांच्या गजरात त्र्यंबोलीच्या टेकडीवर जायचं, देवीला ते वाहायचं आणि परत येऊन गल्लीत पंगत मांडायची. त्या पंगतीत ताटाआधी वाटी येते, पांढऱ्या रश्शाची. यंदा बहुतेक पत्रं त्या वाटीबद्दलच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत.

काकू, मी पुण्यात नोकरी करते. आईच्या हातचा पांढरा रस्सा मला जमत नाही. मटण कुकरला शिजवते, त्यातच नारळाचं दूध, काजूची पेस्ट, एक टोमॅटो घालते आणि पुन्हा एक शिट्टी काढते. झाकण उघडलं की वर तेल, खाली पाणी आणि मधे पांढरे कण. दर वेळी हेच. काय चुकतं?

टोमॅटो आणि ती शेवटची शिट्टी, या दोन गोष्टी आधी बंद कर. नारळाच्या दुधात चरबी आणि पाणी एकमेकांना धरून असतात, आणि त्यांना धरून ठेवायचं काम दुधातली प्रथिनं करतात. दूध खळखळून उकळलं की ती प्रथिनं आक्रसतात, गुठळ्या होतात आणि तेल मोकळं होऊन वर येतं. आंबट पदार्थ असला तर हे आणखी लवकर होतं. पांढऱ्या रश्शात टोमॅटो नको, दही नको, आणि लिंबू पिळायचं तर ज्यानं त्यानं आपल्या वाटीत पिळावं.

पण पोरी, तुझ्या पत्रात मला जास्त खटकलं ते वेगळंच. तू अळणीबद्दल, म्हणजे मटण शिजवून निघालेल्या पाण्याबद्दल, एक शब्दही लिहिला नाहीस. पांढरा रस्सा काजूनं होत नाही, नारळानं होत नाही, तो अळणी पाण्यानं होतो. दूध आणि वाटण हे त्यावरचं शेवटच्या दहा मिनिटांचं काम. अळणी पातळ आणि बेचव असेल तर वर कितीही काजू ओत, हाताला खिरीसारखंच काहीतरी लागेल.

म्हणून सुरुवात तिथून कर. एक किलो मटण धुऊन निथळून घे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप, त्यात बारीक चिरलेला एक कांदा फक्त मऊ होईपर्यंत परत. लाल करायचा नाही. आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे घाल, मग मटण. हळद घालू नकोस. घरोघरी मटणाला हळद लावायची सवय असते, आणि मग रस्सा पिवळट का झाला म्हणून विचारतात. हळद नंतर सुक्यात घालता येते. आता मंद आचेवर परतत राहा. मटणाला अंगचं पाणी सुटेल, ते पुन्हा आटेल आणि परतताना चुरचुर आवाज येईल, तोवर पाण्याचा थेंब घालायचा नाही.

मग पातेल्यावर खोलगट ताट ठेव आणि त्या ताटात पाणी ओत. खालच्या वाफेनं ते कढत होतं. तेच पाणी थोडं थोडं आत सोडायचं आणि ताटात नवं भरायचं. गार पाणी एकदम ओतलं की मटण आखडतं आणि शिजायला वेळ लागतो. असं करत दोन-सव्वादोन लिटर पाणी जाऊ दे. पहिल्या उकळीला जो करडा फेस वर येतो तो पळीनं काढून टाक. अर्धं मीठ आता, अर्धं शेवटी. यापुढे रश्शानं खळखळ करता कामा नये, मधेच एखादा बुडबुडा वर यावा एवढीच आच. दीड तास तरी लागतो. जोरात उकळलं की चरबी पाण्यात मिसळून जाते आणि चव तेलकट होते. मंद आचेवर ती वर तरंगते आणि हवी तेवढी काढता येते. वेळ नसेल तर कुकर चालेल: एक शिट्टी, मग अगदी बारीक गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची.

झालं की पळीत अळणी घे, गार कर, दोन बोटांत चोळून बघ. बोटं एकमेकांना किंचित चिकटली पाहिजेत. हाडांतला आणि स्नायूबंधांतला कोलॅजन विरघळून पाण्यात आला, याची ती खूण. ओठांना जाणवणारा रश्शाचा भरीवपणा इथूनच येतो.

मटण बाजूला काढ, त्याचं सुकं कर. अळणी गाळून घे. आता वाटण: पंधरा-वीस काजू, दोन चमचे खसखस, एक चमचा पांढरे तीळ कढत पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं बारीक. तीळ भाजू नकोस, रंग जातो. एका मोठ्या नारळाचा फक्त पांढरा भाग खवून घे, पाठीची करडी साल आली की दूध मळकट दिसतं. कोमट पाण्यानं वाटून पहिलं घट्ट दूध वेगळं पिळ, दुसरं पातळ दूध वेगळं. तुपात तमालपत्र, दालचिनी, चार-पाच लवंगा, तीन-चार वेलदोडे, दहा-बारा मिरे आणि दोन अख्ख्या सुक्या मिरच्या, न तोडता. वास सुटला की वाटण घालून दोन मिनिटं परत, मग अळणी आणि पातळ दूध. पाच-सात मिनिटं मंद उकळू दे.

शेवटी आच एकदम बारीक. घट्ट दुधाच्या भांड्यात आधी पळीभर गरम रस्सा घालून हलव, म्हणजे दूध गरम होईल, आणि मग ते बारीक धारेनं पातेल्यात. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं डाव फिरता. कडेला बारीक बुडबुडे दिसले, वाफ आली, की गॅस बंद. त्यानंतर उकळी नको.

आणि एखाद्या वेळी फाटलाच, तर टाकून देऊ नकोस. जरा निवू दे, खडा मसाला वेचून काढ, चमचाभर काजूचं वाटण घालून मिक्सरमधून फिरव. पूर्वीसारखा होणार नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवता येईल इतका जुळून येतो.

वहिनी, आम्ही कागल तालुक्यातले. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, गल्लीतली पोरं मिळून तीनशे माणसांचं जेवण करतो. तांबडा झकास होतो, पांढरा मात्र दुसऱ्या पंगतीपर्यंत आंबूस लागायला लागतो. प्रमाणही सांगा.

दादा, तुम्ही दूध एकदाच सगळ्या हंड्यात घालत असणार आणि हंडा चुलीवरच ठेवत असणार. पावसाळी हवेत नारळाचं दूध फार वेळ टिकत नाही, आणि कोमट ठेवलं तर अजिबात नाही.

मोठ्या हंड्यात दूध घालूच नका. हंड्यात अळणी, फोडणी आणि वाटण एवढंच असू द्या. ते उकळतं राहिलं तरी बिघडत नाही. पंगत बसायला पंधरा मिनिटं उरली की वीस लिटरच्या पातेल्यात त्यातला रस्सा काढा, दूध त्यात घाला आणि ते पातेलं संपवा. पुढच्या पंगतीला नवं पातेलं. नारळ त्याच दिवशी फोडायचे, दूध शेवटच्या दोन तासांत पिळायचं आणि पिळलेलं भांडं बर्फात ठेवायचं. हे काम एका माणसाच्या अंगावर टाका आणि त्याला दुसरं काही सांगू नका.

आता प्रमाण. माणशी दोन वाट्या म्हणजे साधारण तीनशे मिली धरा, तीनशे माणसांना नव्वद लिटर रस्सा. माणशी दीडशे ग्रॅम मटण धरलं तर पंचेचाळीस किलो, त्याच्या अळणीतून पांढरा निघेल. पण तांबड्यालाही अळणीच लागतं. म्हणून खाटकाला सांगून पाय, नळ्या आणि मान जादा घ्या आणि त्यांचं अळणी पहाटेपासून वेगळ्या हंड्यात लावा. नारळ चाळीस ते पंचेचाळीस. खडा मसाला मात्र किलोच्या हिशेबानं सरळ गुणू नका. लवंग, दालचिनी, वेलदोडा गुणाकाराच्या निम्म्यानं किंवा थोडा जास्त घाला आणि चव बघून वाढवा, कारण हंडाभर रश्शात मसाला तासन्‌तास मुरतो आणि लवंग पुढे पुढे जिभेला बधिर करते. पाणीही घरच्या मापानं घालू नका. मोठ्या हंड्यातून त्या मानानं कमी पाणी आटतं, त्यामुळे किलोला पावणेदोन लिटरवर थांबा. नंतर वाढवता येतं, आटवायला वेळ नसतो.

वाढप्यांना एक सांगा: बादलीत डाव तळापर्यंत बुडवून हलवल्याशिवाय कुणाला वाढायचं नाही. नाहीतर पहिल्यांना पाणी आणि शेवटच्यांना वाटण.

मी पहिल्यांदाच घराबाहेर एकटा राहतोय. मटणाच्या दुकानात ‘कुठलं देऊ?’ विचारलं की मला उत्तर येत नाही.

सांग की अळणी काढायचं आहे. नळी, चाप, मान आणि थोडी मांडी, हाडासकट. निव्वळ बोनलेस घेतलंस तर रश्शात जीव येणार नाही. नळ्या मधे तोडून माग. पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बोकडाचं मटण लवकर शिजतं आणि सुक्याला उत्तम. अळणीला त्याहून जरा जून बोकड चांगला, अर्धा-पाऊण तास जास्त घेतो पण पाण्याला चव देतो. मांस गुलाबीसर लाल हवं, चरबी पांढरी, आणि वास ताजा. दुकानदाराशी ओळख ठेव. चांगला खाटीक तुझ्यासाठी दोन नळ्या बाजूला काढून ठेवतो.

आम्ही नांदेडचे. आमच्या हैदराबादच्या नातेवाइकांकडे लग्नात जेवणाआधी ‘मरग’ नावाचं मटणाचं पांढरट सूप देतात. तुमचा पांढरा रस्सा आणि तो मरग एकच का?

एक नाही, पण शेजारी बसवले तर छान गप्पा मारतील असे आहेत. मरग हैदराबादच्या अरबी वस्तीकडून आला. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रामौत भागातले लोक होते, त्यांचे वंशज आजही तिथल्या बारकस भागात राहतात. आणि तुमचा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा तुमच्या लग्नांत मरग दिसला तर नवल नाही.

हैदराबादला एका लग्नात मी तो चवीनं प्यायले. मटण अगदी कोवळं, हाडासकट आणि तुकडे सुपातच. पांढऱ्या रश्शात आम्ही मटण काढून घेतो आणि सुकं वेगळं करतो. मरगात तो तुकडा हाच मान. दाटपणा काजू-बदामाच्या वाटणाचा आणि दूध-सायीचा, नारळ नाही. तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि मिऱ्याचा. वासाला पुदिना, दगडफूल, कबाबचिनी. सोबत नान किंवा शीरमाल. आमच्या रश्शाला भाकरी.

घरी करायचा तर दूध-साय घालतानाही तोच नियम: आच बारीक, आणि आधी गरम सूप दुधात, मग दूध सुपात. माझी एकच विनंती, दोन्हींची सरमिसळ करू नका. पांढऱ्या रश्शात पुदिना आणि मरगात नारळ घातला तर दोन्ही हरवतात. दगडफुलाचाही हात आखडता ठेवा. चिमूटभर जास्त झालं की मातकट लागतं.

आईचे गुडघे दुखतात. शेजारच्या काकू म्हणतात, रोज वाटीभर हाडांचं अळणी दे, कॅल्शियम मिळेल. पण आईचं युरिक अॅसिड वाढलंय. देऊ का?

रोज देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सणालाही देऊ नका. मटणातले प्युरीन नावाचे घटक शिजताना पाण्यात उतरतात आणि शरीरात त्यांचंच युरिक अॅसिड होतं. अळणी म्हणजे नेमकं ते पाणी. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी रश्शापेक्षा शिजलेल्या मटणाचा एखादा तुकडा घेतलेला बरा, तोही डॉक्टर हो म्हणाले तर.

कॅल्शियमचं म्हणाल तर ते हाडातच राहतं. दोन तासांच्या उकळीनं पाण्यात फार थोडं येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आईला नाचणीची भाकरी, तीळ आणि दूध द्या. अळणीत जे येतं ते मुख्यतः जिलेटिन (कोलॅजनचंच विरघळलेलं रूप), थोडी चरबी, क्षार आणि चव. जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे, त्यात एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. आमच्या गावच्या तालमीतले पैलवान अळणी पितात, पण त्याबरोबर मटण खातात, दूध आणि बदामाची थंडाई घेतात. नुसत्या पाण्यावर कुणाचं अंग भरत नाही.

तरी अळणीला मी कमी लेखत नाही. सर्दीनं नाक चोंदलेलं असताना, तापानं तोंड गेलेलं असताना, मिरपूड घातलेलं गरम अळणी माणसाला जेवणाकडे परत आणतं. तेवढ्यासाठीच ते करा, औषध म्हणून नको.

डब्यातलं किंवा पाकिटातलं नारळाचं दूध चालेल का?

चालेल. डब्यातलं घट्ट असतं, निम्मं कोमट पाणी मिसळून वापरा. पावडर असेल तर कोमट पाण्यात गुठळी न राहता कालवा. गोड केलेलं नाही ना, एवढं पाकिटावर वाचून घ्या.

काही हॉटेलांत पांढरा रस्सा इतका दाट असतो की चमचा उभा राहतो. घरचा इतका पातळ का?

घरचाच बरोबर आहे. पांढरा रस्सा ही प्यायची गोष्ट आहे, वाटी तोंडाला लावून. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा लावून तो दाट केला की अळणी कमी लागतं, मटण कमी लागतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं भरपूर काजू घातलेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बाहेरून येणारी माणसं कोल्हापुरात एकदाच जेवतात आणि ती पांढरी पेज हाच आमचा रस्सा समजून जातात. ओळखायची सोपी खूण आहे: रस्सा वाटीतच निवू द्या. पिठाचा असेल तर वर साय धरून थबथबीत होतो. अळणीचा असेल तर वर तुपाचे बारीक ठिपके येतात आणि ओठ चिकटतात. विचारायला लाजू नका, पैसे आपण देतो.

घरात दोघं शाकाहारी आहेत. त्यांना आखाडाच्या जेवणात वेगळं वाटू नये, म्हणून पांढरा रस्सा मटणाशिवाय करता येईल का?

नक्की करा. कांदा, फ्लॉवरचे दांडे, दुधी, मूठभर मशरूम, आलं-लसूण आणि मिरे तुपात परतून तासभर मंद उकळा, गाळा, आणि पुढे तसंच. मशरूम टाळू नका, पाण्याला गोडी त्यांच्यामुळे येते. काजू थोडे वाढवा, कारण इथे जिलेटिन नाही. त्यांचं पातेलं आणि डाव वेगळा ठेवा आणि त्यांना आधी वाढा.

उरलेलं अळणी फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी बघते तर जेलीसारखं थरथरत होतं. बिघडलं का? मी घाबरून टाकून दिलं.

अहो, ते उत्तम अळणी होतं! गार झालं की जिलेटिन घट्ट धरतं. वर पांढऱ्या चरबीचा थर येतो, तो चमच्यानं सहज उचलता येतो. पुढच्या वेळी थर काढून तसंच ठेवा. रात्री पातेलं ओट्यावर राहू देऊ नका, दोन तासांच्या आत पसरट भांड्यात ओतून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. दोन-तीन दिवस चालतं, बर्फाच्या कप्प्यात महिनाभर. वापरताना पूर्ण उकळी आणा. दूध घातलेला रस्सा मात्र असा ठेवू नका, तो गरम करताना फाटतो. म्हणून अळणी जास्त करा, रस्सा लागेल तेवढाच.